शंखासारखं पांढरं लुगडं

वन्संइतकी हट्टी बाई सबंध रोह्यात नाही. पूल ओलांडून पलीकडच्या अष्टमी गावात गेलात तर मात्र एक सापडेल, आणि त्या वन्संच. माझी ही नणंद मुंबईच्या एका गिरणीत सुताची ताकद तपासायच्या कामावरून निवृत्त झाली, पण तपासणं काही निवृत्त झालं नाही. दुकानात गेल्या की कापडातून धागा ओढणार, दोन चिमटींत धरून ताणणार. दुकानदार एकदा कळवळला, "ताई, कापड का फाडताय?" तर म्हणाल्या, "फाडत नाय. याला काय काय पाजलंय ते विचारतेय." ब्लीचिंग पावडरीशी तर त्यांचं उभं वैर. कुणाच्या दोरीवर फारच पांढरे कपडे दिसले की कुंपणाशी थांबून ऐकवतात, "सुती धागा पाण्यात भिजला तर उलट जास्त ताण सोसतो गो! जीव घेते ती तुझी पावडर." वन्सं वळणावर दिसल्या की बायका वाळत घातलेले कपडे आत नेतात.

माझ्या नातीच्या बारशाला झोळी बांधायची म्हणून मी सासूबाईंचं जुनं लुगडं काढलं. पिवळे डाग जाईनात, तेव्हा दोन दिवस ब्लीचिंगच्या कडक पाण्यात बुडवून ठेवलं. निघालं ते शंखासारखं. वन्संनी आल्या आल्या ते हुंगलं, एक धागा ओढला, तो लगेच तुटला.

"यात पोर ठेवायची नाय."

विहीणबाई फणकारल्या, "शुभकार्यात हे काय अभद्र?" आमचे हे म्हणाले, "तुझी गिरणी आता पुरे." वन्सं झोळीपुढे उभ्या राहिल्या त्या हलेनात. बारशाला वरवंटा लागतोच. तोच त्यांनी उचलून झोळीत ठेवला. "पोरीएवढाच भार हाय. झुलवा याला."

एक झोका गेला. दुसरा गेला. कुणीतरी हसलं. तिसऱ्याला झोळी मधोमध फाटली आणि वरवंटा फरशीवर आदळला.

मी नातीला छातीशी घट्ट धरलं. वन्सं आता चारचौघांत मला सोलणार, असं वाटलं. पण त्यांनी चिंध्या गोळा केल्या नि एवढंच म्हणाल्या, "वयनी, दुसरं कापड बघ गो. पोरगी ताटकळलीय."

बारसं झालं, माणसं जेवून गेली, तरी वन्सं ओटीवरच होत्या. मांडीवर आपल्या आईचं ते फाटकं लुगडं घेऊन घडी घालत होत्या, आणि दर घडीला ते आणखी थोडं फाटत होतं.