मधल्या सुट्टीत कोणी बोलायचं नाही

शिक्षकांचे किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. ते खडूच्या भुकटीसारखे साचत जातात. घरी येऊन कितीही पदर झटका, थोडी भुकटी उरतेच. निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली, तरी आम्ही दोघीतिघी भेटलो की कोणीतरी विषय काढतंच, "बोरकर बाईचं आठवते का वं?" आणि मग चहा गार होतो.

नागपूरला लकडगंजात आमची शाळा होती आणि शाळेच्या भिंतीला लागून लाकूड कापायचा आरा. जागा शेठजींची. शेठजी म्हणजे आमच्या संस्थेचे सचिव. अर्धी जागा त्यांनी शाळेला दान दिली आणि उरलेल्या अर्ध्यात स्वतःची मशीन लावली. इकडे प्रार्थना सुरू झाली की तिकडे सागवान चिरायला लागायचं, ते थेट शाळा सुटेपर्यंत. त्यामुळे आम्ही शिकवत नव्हतो, ओरडत होतो. मी गणिताची. काटकोन त्रिकोणाचं सगळं प्रमेय मी वर्षानुवर्षं रस्त्यापलीकडच्या दुकानदारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सिद्ध केलं आहे!

शेठजींना कोणी काही म्हणत नसे. दान देणाऱ्या माणसाला 'तुमचा आवाज होतो' असं सांगायचं कसं? पोरांनाही काही फरक पडत नव्हता. घसा जायचा तो आमचा.

*

बोरकर बाई इतिहास शिकवायच्या. नवरा अंथरुणाला खिळलेला, दोन मुली शिकत होत्या, आणि घर त्यांच्या एकटीच्या पगारावर. एका हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला तो उठेचना. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, नोकरी सोडा, नाहीतर रोज दुपारी घशाला विश्रांती द्या. नाही दिली तर आवाज कायमचा जाईल. आता आवाज गेलेली मास्तरीण कोणती शाळा ठेवून घेते?

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत बाईंनी स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिलं, 'मधल्या सुट्टीत कोणी बोलायचं नाही', आणि डबा उघडून बसल्या. आम्ही विचारलं, त्यांनी फळा दाखवला. हेडमास्तरांनी दारातून हाक मारली, त्यांनाही फळाच दाखवला. घंटा झाल्यावर मात्र पोळीचा शेवटचा घास गिळून म्हणाल्या, "आवाज माहा आहे. तो काही शेठजीनं दान नाही देल्ला."

पहिले काही दिवस फार जड गेले. बायका आणि मास्तर एका खोलीत आणि सगळे गप्प, हे निसर्गाच्या विरुद्धच होतं. पण हळूहळू गंमत कळायला लागली. घसा निवला, डोकं दुखायचं थांबलं, भाजीला चव असते हेही समजलं. मग नियम पक्का झाला. पालक येवो, पाहुणा येवो, घंटा होईपर्यंत कोणाला उत्तर मिळणार नाही. बोरकर बाई एकट्या गप्प बसल्या असत्या तर त्यांना कोणीही दटावलं असतं. अख्ख्या स्टाफला कोण दटावणार?

*

आमचे पीटीचे सहारे सर तोंडाऐवजी हातापायांनी बोलायला लागले. सगळ्या सुट्टीभर ते नकला करायचे. शेठजी गादीवर कसे बसतात, पान कसं खातात, दान देताना मान कशी वळवतात. आम्ही तोंडात पदर कोंबून हसायचो.

एकदा ते छाती धरून उभे राहिले, डोळे मोठे केले, हात हवेत फिरवले, तोंड लालबुंद. असली नक्कल आम्ही कधी पाहिली नव्हती. आम्ही आवाज न करता टाळ्यासुद्धा वाजवल्या. शेवटी त्यांनी माठाकडे धाव घेतली आणि गडव्यावर गडवे पाणी प्याले. ठेच्याचा ठसका लागला होता बिचाऱ्यांना.

घंटा झाल्याबरोबर ते कडाडले, "मी इथं मरून राहिलो होतो, अन् तुम्ही हासून राहिले?"

बोरकर बाई डब्याचं झाकण लावत शांतपणे म्हणाल्या, "मेले असते तर उठलो असतो न सर."

*

मौदा गावाहून एक पालक आले. पोरगा मामाकडे राहून आमच्या शाळेत शिकत होता आणि मी त्याला गणितात नापास केलं होतं. हे गृहस्थ ऐन मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये घुसले आणि टेबलावर हात आपटला. पोराला नापास कोणी केलं, काहून केलं, शाळा आहे का बाजार, असं बरंच काही ऐकवलं. आम्ही जेवत होतो.

"मी केव्हाचा बोंबलून राहिलो, तुम्ही बोलून काहून नाही राहिले?"

कोणी बोलेना. भांडायला आलेल्या माणसाला समोरून काहीच मिळालं नाही की त्याचं मोठं अवघड होतं. त्यांनी पुन्हा आवाज चढवला, मग उतरवला, मग बाकावर बसले. सहारे सरांनी डब्याच्या झाकणात पोळीभाजी घालून त्यांच्यासमोर सरकवली. खाता खाता ते सांगायला लागले. पोराची आई गेल्यापासून पोरगा बापाशी बोलतच नाही. सुट्टीत घरी येतो, जेवतो, तोंड फिरवून झोपतो. शाळेत तरी बोलतो का, हेच विचारायला ते आले होते. आल्यावर भांडण निघालं तोंडातून.

घंटा झाली. मी मार्कांचं समजावून सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हात जोडले. "राहू द्या बाई. लय दिवसानं कोणी मधात न बोलता ऐकलं माहं."

मला त्या माणसाचा रागच आला होता, तो कुठे गेला कळलं नाही. पुढे नागपूरला काही कामानं आले की मधल्या सुट्टीत ते हमखास यायचे, आमच्यात बसून जेवायचे आणि निघून जायचे. पोराला मी सुट्टीनंतर फळ्यापाशी बोलावून थोडं थोडं बोलतं केलं, पण ते निराळं.

*

मग शाळा तपासणीला साहेब आले. आमचे हेडमास्तर देशकर सर त्यांना घेऊन स्टाफरूमच्या दारात पोचले ते नेमके मधल्या सुट्टीत. आम्ही सगळे खाली माना घालून बसलेलो. कुठे हूं नाही की चूं नाही.

साहेबांनी एकदा आमच्याकडे पाहिलं, हळूच टोपी काढली आणि हात समोर बांधून मान खाली घालून उभे राहिले. साहेब उभे म्हटल्यावर देशकर सरही तसेच उभे राहिले. अधिकारी उभा असताना आपण जेवत बसणं बरं दिसेना, म्हणून आम्ही उठलो. अख्खा स्टाफ बराच वेळ तसा उभा, पलीकडे आरा किंचाळतोय, आणि सहारे सरांचे खांदे हसण्यानं गदगदा हलतायत. साहेबांना वाटलं, ते रडतायत.

घंटा झाली. साहेबांनी टोपी डोक्यावर ठेवली आणि दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

बोरकर बाई म्हणाल्या, "अजून कोणी नाही गेलं साहेब. जाऊ नये म्हणूनच बसतो."

*

ही गोष्ट शेठजींच्या कानावर गेली. त्यांचं म्हणणं पडलं की हा संप आहे. देशकर सर बिचारे मधल्या सुट्टीत निरोप घेऊन आले. बाईंनी कागदावर उत्तर लिहून दिलं, "संपात काम बंद असते. आमचं फक्त तोंड बंद आहे."

देशकर सर दिवसभर शेठजींचे निरोप आमच्याकडे आणि आमचे निरोप शेठजींकडे पोचवायचे. त्या दिवशी ते उत्तर घेऊन गेलेच नाहीत. खुर्ची ओढून बसले, चष्मा काढला आणि डोळे मिटले. शेठजींचा माणूस बोलवायला आला, तर सरांनी डोळे न उघडता फळ्याकडे बोट दाखवलं. दुसऱ्या दिवसापासून ते डबा घेऊनच यायला लागले!

*

शेवटी शेठजी स्वतः आले. बरोबर दोन पाहुणे, शाळा दाखवायला आणलेले. मधली सुट्टी चालू होती. शेठजींनी ओळख करून दिली, आम्ही उठून नमस्कार केला आणि पुन्हा बसलो. पाहुण्यांनी काही विचारलं, कोणी उत्तर दिलं नाही. शेठजींचे कान लाल झाले.

घंटेनंतर बोरकर बाईंना ऑफिसात बोलावणं आलं. आम्ही सगळे मागोमाग गेलो आणि दारात उभे राहिलो. आत जायची परवानगी नव्हती, पण दारातून कोणी हाकललं नाही. मला त्या वेळी खरंच भीती वाटत होती. माझ्या डोळ्यांपुढे त्यांच्या मुली येत होत्या.

शेठजींनी आऱ्याच्या वर आवाज काढून सांगितलं, "बाई, हे नाटक आजच बंद. नाही तं उद्यापासून शाळेत यायचं काम नाही. काय म्हणणं आहे तुमचं?"

बाई बोलायला लागल्या. अगदी हळू, स्वयंपाकघरात शेजारणीशी बोलावं तशा. आम्हाला ओठ हलताना दिसत होते, शब्द एक ऐकू येत नव्हता. शेठजींनाही येईना. ते पुढे झुकले, कानामागे हात धरला.

"जरा जोरानं बोला न."

बाईंनी मान हलवली आणि त्याच आवाजात पुढे चालू ठेवलं. हात हलवत, मधे थांबत, एखादी लढाई समजावून सांगावी तसं. शेठजी देशकर सरांना म्हणाले, ही बाई काय बोलून राहिली? सर म्हणाले, मलेबी नाही येऊन राहिलं ऐकू. शेठजींनी दोनदा टेबलावर हात आपटला. बाई बोलतच होत्या.

शेवटी शेठजी चिडून शिपायावर ओरडले, "जाय गा, मशीन बंद कराले सांग पहिले!"

शिपाई धावत गेला. आरा घरघरत घरघरत थांबला. इतक्या वर्षांत भर शाळेत तो कधी थांबला नव्हता. पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या, त्यांचा आवाज आला. पाचवीतली पोरं पाढे म्हणत होती, ते एकेक अंक ओळखू यायला लागले.

शेठजी खुर्चीत मागे टेकले. "हं. बोला आता."

"झालं माहं बोलून," बोरकर बाई म्हणाल्या, आणि पदर सावरून आठवी ब च्या तासाला निघून गेल्या.

थोड्या वेळानं त्यांचा आवाज ऑफिसात ऐकू यायला लागला. त्या शिकवत होत्या, घरी बोलतो त्या आवाजात. आऱ्याचा मिस्त्री अंगावरचा भुसा झटकत ऑफिसच्या दारात आला आणि म्हणाला, "शेठजी, लावू का मशीन?"

शेठजींचा कान आठवी ब च्या वर्गाकडे होता. मिस्त्रीनं पुन्हा विचारलं. शेठजी तसेच खुर्चीत गप्प बसून राहिले, आणि मिस्त्री आमच्यातच दारात उभा राहिला.