रेघमास्तरांनी न केलेली सही

माझ्या सासऱ्यांना सगळं हँगर रेघमास्तर म्हणायचं, आणि त्यात कौतुक कमी, टिंगल जास्त होती. एकतीस वर्षं त्यांनी विमानांवर रेघा मारल्या. कंपनीचं नाव, शेपटीवरचं चित्र ही मिरवायची कामं इतरांकडे. मास्तरांकडे ती बारीक कामं, जी प्रवाशाला दिसत नाहीत आणि दिसली तरी कळत नाहीत. पंखावर कुठवर पाय ठेवायचा, ती काळी रेघ. पुढच्या चाकाच्या झाकणावर विमानाच्या नोंदणी क्रमांकाची शेवटची दोन अक्षरं, म्हणजे ओढायला आलेल्या ट्रॅक्टरवाल्याला बसल्या जागी कळावं की आपलं विमान हेच. तीच दोन अक्षरं कॉकपिटमध्ये पायलटच्या नजरेसमोर एका छोट्या पट्टीवर, कारण दिवसात चार विमानं बदलणारा माणूस आपण कशात बसलोय हे विसरतो आणि टॉवरला भलत्याच विमानाचं नाव सांगतो.

आमची विमानं चार कंपन्यांकडून घेतलेली जुनी, आणि प्रत्येक कंपनीची आपली तऱ्हा. एकीची पट्टी पिवळी, एकीची काळी. एकीने ती डावीकडे चिकटवलेली, दुसरीने पार डोक्यावर. मास्तरांनी तीन वर्षं अर्ज करकरून त्या सगळ्या एका रंगाच्या आणि एका जागी करून घेतल्या. असल्या माणसावर सोबत काम करणारे फारसं प्रेम करत नाहीत. मी त्यांचा जावई होण्याआधीपासून त्यांच्या हाताखाली पेंट शॉपमध्ये होतो, तेव्हा हे खात्रीने सांगतो.

त्यांचा खरा जीव होता चक्रीवर. इंजिनाच्या पंख्याच्या मधोमध एक शंकू असतो. त्यावर गोगलगायीच्या पाठीवर असते तशी एक पांढरी वळणदार रेघ, ती चक्री. लोक म्हणतात, पक्ष्यांना घाबरवायला असते. मास्तर म्हणायचे, पक्ष्यांचं पक्षी बघून घेतील, ही लोडरसाठी आहे. सामान चढवणाऱ्या माणसाच्या कानांवर जाड झाकणं असतात, आजूबाजूला तीन-चार इंजिनं गरजत असतात, आणि समोरचं चालू आहे की बंद हे कानाला कळत नाही. पांढरी रेघ गरगरली की डोळ्याला कळतं. विशीत मास्तर स्वतः लोडर होते. एकदा मान खाली घालून चालले होते, सहज वर पाहिलं तर आठ-दहा पावलांवर पांढरं गरगरत होतं. मागे सरकले आणि जमिनीवर बसूनच राहिले. कुणा अनोळखी माणसाच्या ब्रशने मी जगलो, असं ते सांगायचे, दर वेळी त्याच शब्दांत. मला ते पाठ झालं होतं, आणि पाठ झाल्यावर मी ऐकणं सोडून दिलं होतं.

मग कंपनी विकली गेली. नव्या मालकांनी रंगसंगती ठरवायला एक बाई आणल्या. त्यांच्याकडे जाड गुळगुळीत कागदाचं पुस्तक होतं. विमान गडद निळं, इंजिनाचा शंकूही निळा, आणि वर काही नाही. चक्री त्यांना मुलांच्या खेळण्यासारखी वाटत होती. कॉकपिटमधल्या पट्ट्यांनाही त्या कचरा म्हणाल्या. पट्ट्या काढल्या, आणि पायलट असे खवळले की आठ दिवसांत त्या पुन्हा जागेवर बसल्या. लोडरांना कुणी विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही, कारण त्यांची नोकरी दर सहा महिन्यांनी नवी होत असे आणि अशा माणसाला मूग गिळायची सवय लागते.

आमच्याकडे रंगकामाच्या प्रत्येक कार्डावर दोन सह्या लागतात, एक रंगवणाऱ्याची आणि एक तपासणाऱ्याची. तपासणाऱ्याच्या सहीवर छापलेलं असतं, "जमिनीवरील माणसांच्या सुरक्षेच्या खुणा पाहिल्या, पुरेशा आहेत." खाली शेऱ्यासाठी एक रकाना असतो, त्यात कुणी काही लिहीत नाही. पहिलं निळं विमान तयार झालं तेव्हा तपासणारे मास्तर होते. त्यांनी सही केली नाही. रकान्यात लिहिलं, "चक्री नाही. खुणा अपुऱ्या." निवृत्तीला दहा महिने उरले होते.

हँगरच्या साहेबांनी ते कार्ड फाडलं आणि नवं कार्ड माझ्यापुढे ठेवलं. तपासनीसाची जागा आजपासून तुमची, म्हणाले. मी विचार करायला वेळ मागितला असता तर मिळाला असता, हे मला आजही डाचतं. मी मागितला नाही. मनात म्हटलं, मी नाही केली तर दुसरा कुणी करेल. जगातल्या निम्म्या सह्या याच वाक्यावर होत असाव्यात. दुपारी चार वाजता मी सही केली.

त्या संध्याकाळी बायकोने मला एकच गोष्ट विचारली, "बाबांना तू सांगणार आहेस की मी?" सांगायची गरज पडली नाही. दुसऱ्या दिवशी मास्तरांना स्टोअरमध्ये बसवलं, रंगाचे डबे आणि ब्रश मोजून द्यायला. मी डबा घ्यायला गेलो तर ते उभे राहिले. लग्नाआधीपासून मला अरे-तुरे करणारा माणूस म्हणाला, "किती हवेत, साहेब?" दहा महिने हेच चाललं. घरी जेवायला आले तरी हेच. एकदा मी चिडून म्हणालो, मामा, पुरे आता. त्यांनी शांतपणे ताट पुढे ओढलं.

आणि अपघात झाला नाही. दोन वर्षं काही म्हणजे काही झालं नाही. कँटीनमध्ये लोक हसायचे, रेघमास्तर उगाच हात दाखवून अवलक्षण करून बसले. खरं सांगतो, मीही एक-दोनदा हसलो.

मग बाहेरच्या एका मोठ्या विमानतळाने कंपनीला कळवलं, की चक्री नसलेल्या इंजिनाजवळ आमची माणसं येणार नाहीत, सामान तुमचं तुम्ही उतरवा. आठवड्याभरात हुकूम आला. सगळ्या शंकूंवर पुन्हा पांढरी रेघ. फाइलमध्ये सूचना करणाऱ्याचं नाव लागतं, आणि तपासनीस मी होतो, म्हणून तिथं माझं नाव पडलं. सभेत टाळ्या झाल्या, चौकटीतलं प्रशस्तिपत्र मिळालं. रंगसंगतीच्या बाईंनी हात मिळवला. मी ते पत्र घेतलं. घेणार नाही असं म्हणता येतं, हे मला मास्तरांमुळे माहीत होतं.

बायको म्हणाली, त्यांना बाहेरून कळायला नको, तूच जाऊन सांग. मास्तर निवृत्तीनंतर एका खोलीत खिडकीपाशी बसून असायचे, गुडघे गेले होते. मी सगळं सांगितलं, प्रशस्तिपत्राचंही. त्यांचा पहिला प्रश्न वेगळाच होता.

"कुणाला लागलं का?"

"नाही, मामा. दोन वर्षांत कुणालाच नाही."

त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. दोन वर्षं हा माणूस रोज त्या बातमीची वाट बघत होता आणि ती येऊ नये म्हणून झुरत होता, हे मला तेव्हा कळलं. आम्ही मात्र त्याला हरलेला समजत होतो. मी म्हणालो, तुमचंच बरोबर ठरलं.

ते त्यांनी ऐकलंच नाही. त्यांनी विचारलं, "या दोन वर्षांत तुम्ही कधी इंजिनापुढून चालत गेलात?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "लांबचा वळसा घालून जायचो."

"का?"

"भीती वाटायची. चालू आहे की बंद, कळायचं नाही."

 मास्तरांचा आवाज चढला नाही, उतरला नाही.

"मग तेवढं रकान्यात लिहायचं होतं, साहेब."