दारामागचे अण्णा

सोनकांबळे अण्णांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द होता, "न्हाई!" आणि मी अजून काही मागितलंही नव्हतं. सर्व्हरच्या खोलीचं दार फक्त वाजवलं होतं. दुष्काळाच्या त्या वर्षी गावोगावच्या टँकरच्या मागण्या जमवणाऱ्या एका कंत्राटदाराच्या लातूरच्या ऑफिसात मी नुकताच लागलो होतो. दार किलकिलं झालं, आधी चष्मा बाहेर आला, मागून अण्णा आले.

"न्हाई म्हंजे आत माणूस हाय. आता बोला, काय पायजे?"

"मी नवीन. अर्धापूरचा."

"मग केळी कुठं हायत?"

अर्धापूर केळीसाठी नावाजलेलं. तेव्हापासून मी 'केळीवाले' झालो.

अण्णा शिकवायला लागले की रुमाल खांद्यावर टाकून उभेच राहत, जणू पडदा वर गेलाय. "मशीनचा पत्ता एक, पर दारं पासष्ट हजार. त्यालाच पोर्ट म्हणायचं. आपला डेटाबेस तेहतीसशे सहा नंबरच्या दारामागं कान लावून बसलाय. देवणी तालुक्याचं कॉम्प्युटर येतं, दार वाजवतं. हा नाव विचारतो, पासवर्ड घेतो अन् त्याच्याशी बाजूला बोलत बसतो. दार पुढच्याला मोकळं."

"आणि ज्याला आत घ्यायचं नाही, तो आला तर?"

"तर न्हाई म्हणायचं. लगेच. मोठ्यानं."

यावरूनच पुढे वाजलं. देवणीच्या बाजूला नवा जिल्हा होणार अशी त्या दिवसांत जोरात हवा होती. आमचे मालक उत्साही. जिल्हा व्हायच्या आधीच त्यांनी त्या बाजूच्या तालुक्यांचा डेटाबेस वेगळा करायला घेतला. मशीन तेच, पण एका दारामागे दोघांना बसता येत नाही. म्हणून नव्याला तेहतीसशे सात नंबरचं दार मिळालं आणि जुनं दार त्या तालुक्यांना बंद झालं. कामाला पुण्याहून इंजिनिअर आला होता. त्यानं पहारा असा लावला, की बंद दारावर कोणी आलं तर उत्तरच द्यायचं नाही. चोराला आत कोणी आहे हेसुद्धा कळू नये.

"साहेब, आपल्याकडं चोर कमी अन् तहानलेले जास्त हायत," अण्णा म्हणाले.

इंजिनिअर हसला. मीही हसलो. अण्णा हसले नाहीत. जेवताना मला म्हणाले, "माझा बाप घागर घेऊन विहिरीपाशी उभा राहायचा. आमाला शिवायची बंदी. कुणी वाढंल तवा पाणी. न्हाई म्हणले असते तर बाप नदीला तरी गेला असता, केळीवाले. पर कुणी बोलतच नसे."

नव्या दाराचा नंबर बाकीच्या सगळ्या तालुक्यांना कळवला; देवणीला कळवायचा राहिला. तिथली ऑपरेटर चंद्रकला सकाळी नऊपासून जुनंच दार वाजवत बसली. पडद्यावर चक्र फिरतंय, म्हणजे गर्दी असेल, जाईल आता, असं तिला वाटत राहिलं. नकार आला असता तर तिनं फोन उचलून यादी सांगितली असती. बाराला यादी बंद झाली. एका गावाला दुसऱ्या दिवशी टँकर गेलाच नाही.

कळलं तेव्हा अण्णांनी कोणालाही न विचारता तो पहारा बदलला. आत घ्यायचं नसेल तर तोंडावर नकार. मग पुढच्या टँकरमध्ये ड्रायव्हरशेजारी बसून ते स्वतः त्या गावी गेले आणि बायांच्या शिव्या उभ्यानं ऐकून आले. एक म्हातारी म्हणाली म्हणे, "येणार न्हाई एवढं सांगाया काय झालतं रं? शेजारच्या गावाला गेलो असतो की!"

परवानगीशिवाय नियम बदलला म्हणून मालकानं अण्णांना काढलं. तो जिल्हा काही झाला नाही.

मी तोवर ती नोकरी सोडून नांदेडच्या दुसऱ्या एका ऑफिसात आलो होतो. अण्णांचा फोन आला. "केळीवाले, तिकडं जागा हाय का एखादी?"

"बघतो," मी म्हणालो. बघितलं. जागा नव्हती.

आठवड्यानं पुन्हा फोन आला. नाही कसं म्हणायचं, या विचारात मी तो वाजू दिला. पुढचाही. टेबलावर थरथरत सरकणाऱ्या त्या फोनकडे मी बघत बसायचो. मग तो यायचा थांबला, आणि मला, खरं सांगतो, हायसं वाटलं.

चार महिन्यांनी चंद्रकलानं कळवलं, अण्णा गेले. हृदयविकारानं, बसल्या जागी.

मी शिरूर अनंतपाळला त्यांच्या घरी गेलो. दार उघडंच होतं, तरी वाजवलं. आतून आवाज आला नाही. थोड्या वेळानं वहिनी आल्या.

"तुमीच का केळीवाले?" त्यांनी पाणी पुढं केलं. "लातूरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात बोलावत होते यांना. गेले न्हाईत. म्हणले, नांदेडहून फोन यायचाय, केळीवाले बघायलेत. जागा नसती तर सांगितलं असतं त्यांनी."

मी तांब्या खाली ठेवला.

"होती का हो जागा तिथं?"

"न्हाई," मी म्हणालो.