सुलोचनेच्या हातच्या ताटल्या

वाढलेली ताटली डोक्यावर उचलून तिचं बूड वाचणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोच्या मावशीचा नवरा आहे. २००१ साली आम्ही मिशिगनमधल्या ॲन आर्बरला नवे आलो, तेव्हा या काकांना आणि मावशींना पहिल्यांदा जेवायला बोलावलं. काकांनी हिने वाढलेल्या पोळी-भाजी-कढीकडे एक नजर टाकली, ताटली दोन्ही हातांनी सावकाश उचलली आणि मान मागे टाकून ते ती खालून न्याहाळू लागले. मला वाटलं, त्यांच्याकडे नैवेद्य दाखवायची काही वेगळी पद्धत असेल. कढीचा ओघळ कोपरापर्यंत आला तेव्हा मावशी शांतपणे म्हणाल्या, "चीनची आहे. मी गाडीतच सांगितलं होतं." काकांनी ताटली खाली ठेवली आणि काही न झाल्यासारखे ते जेवू लागले. निघताना दारात त्यांनी हिचं मनापासून कौतुक केलं. म्हणाले, भाजी फार सुंदर झाली होती, अशा ताटलीतसुद्धा.

काका निवृत्त भूलतज्ज्ञ. उभी हयात मिशिगनच्या इस्पितळांत लोकांना झोपवण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर तेच काम ते भांड्यांविषयी बोलून करतात, असं मावशींचं मत होतं. भांडी म्हणजे सगळी भांडी नव्हेत. स्वीडन, फिनलंड, नॉर्वे आणि डेन्मार्क या चार देशांत चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी घडलेल्या चिनी मातीच्या ताटल्या, वाडगे, बश्या आणि किटल्या, एवढंच त्यांचं जग. त्या देशांत ते कधी गेले नव्हते. थंडी बघायला इतक्या लांब जायची गरज नाही, असं म्हणायचे. मिशिगनच्या उत्तरेला जुन्या फिनिश लोकांची वस्ती आहे. तिथल्या म्हाताऱ्या माणसांची घरं रिकामी होत, सामान गराजमध्ये विकायला मांडलं जाई, आणि काका बर्फातून आठ-आठ तास ड्राइव्ह करून तिथे हजर होत. या वेडामागे काहीतरी हळवी हकीकत असणार, म्हणून एकदा मी त्यांना खोदून विचारलं. ते थोडा वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "आम्हाला ताटल्या हव्या होत्या. तिथे ताटल्या होत्या."

एवढा संग्रह, पण घरात काचेचं कपाट नव्हतं. सगळं रोजच्या वापरात. वरण निळ्या फुलांच्या वाडग्यात, कारण पिवळ्याला निळं लागतं. हिरव्या पानांच्या स्वीडिश ताटलीत पालेभाजी वाढायला बंदी, कारण ताटलीतली पानं कुठली आणि मेथी कुठली ते कळत नाही. तिथे बटाटा किंवा फ्लॉवर. मेथीसाठी तपकिरी काठाची वेगळी. मावशी म्हणत, आमच्याकडे आधी ताटली ठरते, मग भाजी. मंडळाच्या गणपतीला सगळे कागदी प्लेटा घेऊन रांगेत उभे असत, आणि काका पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेली स्वतःची ताटली काढत, गवई स्वतःचा तंबोरा घेऊन यावा तशी. मावशी मात्र घरी साताऱ्याहून आणलेल्या स्टीलच्या ताटात जेवत. काकांनी कधी टोकलं तर म्हणत, "माझ्याही ताटावर नाव घातलंय. माझ्या आईचं."

हाताने रंगवलेल्या ताटल्यांच्या बुडाशी रंगवणाऱ्या बाईची आद्याक्षरं असतात. काकांना ही आद्याक्षरं कोरडी वाटत. त्यामुळे फिनलंडच्या कारखान्यातली जी कोणी 'ए. एल.' होती ती अलका लिमये झाली. हात चलाख, पण घाईची. 'एस. के.' झाली सुलोचना कुलकर्णी, आणि सुलोचनेवर काकांचा विशेष जीव. तिची निळी फुलं इतरांपेक्षा जरा वाकलेली असत, वारा लागल्यासारखी. एखाद्या पाकळीची रेघ जाड झालेली दिसली की काका मला बोलावून दाखवत. जावईबापू, इथे बघा, घरून काहीतरी निरोप आला असणार, हात थांबलाय. मी संगणकवाला माणूस, मला नुसती रेघ दिसे. पण दोनेक वर्षांनी एका रविवारी मीच बोलून गेलो की आज सुलोचना खुशीत दिसते, आणि ही माझ्याकडे बघतच राहिली. एकदा तर मावशींनी पुण्याला बहिणीला फोनवर सहज सांगितलं, की हे हल्ली दिवसभर सुलोचनेत असतात. पुण्याच्या मंडळींना झोप लागेना. शेवटी मोठ्या मेव्हण्यांनी फोन करून काकांना संसाराविषयी चार शब्द सुनावले. काकांनी ते सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, पण ती रंगवते फार छान.

२००६च्या हिवाळ्यात मावशी घरासमोरच्या बर्फावर घसरल्या आणि पाय मोडला. त्यांचा मुलगा दूर दक्षिणेकडे मॉरिसव्हिलला होता. तिथे बर्फ क्वचितच, झोपायची खोली खालच्याच मजल्यावर, नातवंडं हाताशी. तुम्ही दोघं इकडेच या, असा त्याने धोशा लावला. फक्त भांड्यांच्या बाबतीत त्याने एका वाक्यात सांगून टाकलं, "बाबा, एक कॅबिनेट देऊ शकतो, बाकी डोनेट करून टाका." काका म्हणाले, मग मी येत नाही. रविवारी आम्ही गेलो तेव्हा मावशी प्लॅस्टरमधला पाय खुर्चीवर ठेवून बसल्या होत्या. जेवणं झाली, आणि आवाज जराही न चढवता त्या म्हणाल्या, "मी मॉरिसव्हिलला जाते. तुम्ही राहा सुलोचनेजवळ. फक्त दारातलं बर्फ तिला काढायला सांगा."

काका उठले. नेहमीप्रमाणे सगळ्या ताटल्या त्यांनी स्वतः विसळल्या, पुसल्या. त्याला बराच वेळ लागला. मग हातातल्या फडक्यासकट बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, "तुमच्याकडे रोज जेवायला माणसं किती?"

तिथून वाटप सुरू झालं. एक जुन्या वस्तूंचा व्यापारी हातमोजे घालून आला होता. सगळं एकगठ्ठा नेतो, काचेत दिवे लावून ठेवतो, म्हणाला. काकांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं, कारण तो त्यात जेवणार नव्हता. ताटल्या गेल्या त्या जेवणाऱ्या घरी. चौघांत एक खोली घेऊन राहणाऱ्या नागपूरच्या विद्यार्थ्यांकडे, ऑपरेशन थिएटरातल्या जुन्या नर्सकडे, समोरच्या कोरियन कुटुंबाकडे. टीव्हीसमोर बसून जेवणाऱ्यांना फक्त कप मिळाले. सुलोचना आमच्याकडे आली. स्वतःबरोबर त्यांनी एकही ताटली नेली नाही. एक नेली की दुसरी आठवते, म्हणाले. मुलाने दिलेल्या कॅबिनेटमध्ये मावशींचं स्टील लागलं.

मॉरिसव्हिलहून दर रविवारी फोन येई. हवा, माझी नोकरी, हिची तब्येत, आणि मग जरा थांबून, सुलोचना कशी आहे? छान आहे, म्हणून आम्ही सांगायचो. परवा मात्र फोन आमच्या मुलीने उचलला, आणि आम्ही हातवारे करेपर्यंत सांगूनही टाकलं, "आजोबा, द ब्लू वन ब्रोक." हिचा चेहरा उतरला. मी फोन घेतला.

"काय होतं तिच्यात?" काकांनी विचारलं.

मी म्हटलं, थालीपीठ.

"गरम?"

"हो. तव्यावरून नुकतंच काढलेलं."

"मग ठीक आहे," काका म्हणाले. "रिकामी फुटली असती तर वाईट वाटलं असतं."

आणि त्यांनी फोन मावशींकडे दिला. मावशी पायाविषयी बोलल्या, नातवाच्या शाळेविषयी बोलल्या. मग काका तिथून उठून गेले असावेत, कारण मावशींनी आवाज खाली आणला. "आत्ता फोन देताना मला विचारत होते," त्या म्हणाल्या, "सुलोचना अजून असेल का गं? इतक्या वर्षांत हे कधी मनात आलं नव्हतं त्यांच्या."

मग तुम्ही काय म्हणालात, मी विचारलं.

"म्हटलं, असणार की. माझ्याच वयाची असेल. गुडघे दुखत असतील, बाकी बरी असेल."