तीन रिकामे डबे

समोरच्या मुक्ताने सकाळी आमचे तीन डबे आणून दिले. घासून, पुसून, झाकणं घट्ट लावून. आमच्या दोन घरांत डबे असे एकदम कधी परत येत नाहीत. एक जातो, दुसरा येतो, आणि रिकामा तर कोणीच देत नाही. निदान चार लिंबं तरी टाकतोच.

"काकू, आता तुमचं काही राहिलं नाही आमच्याकडे," ती म्हणाली.

"किती शहाणी गं!" म्हणत मी दार लावलं.

मग ओट्यावरच्या त्या डब्यांकडे बघत राहिले. परवाच तिने आपली रंगांची पेटी माझ्या मुलीला देऊन टाकली होती. बारावीच्या निकालानंतर महिनाभर मुक्ता जिना उतरलेली नाही. तिची आई म्हणाली होती, "आता रडत नाही, शांत झालीये." आपल्याला शांत मुलं फार आवडतात. त्यांनी आदळआपट केली की आपण धावतो, सगळं आवरून ठेवलं की कौतुक करतो. मला उगाच शंका येत असेल का? विचारलं आणि तसं काही नसलं तर? न विचारता तसंच असलं तर?

एका डब्यात गरम उपमा भरला. झाकण न लावताच समोरचं दार वाजवलं.

मुक्ताने दार उघडलं.

"मुक्ता, मरावंसं वाटतंय का गं तुला?"

मी डबा पुढे केला. तिने डब्याऐवजी माझं मनगट धरलं, आणि सोडलंच नाही.