थोरल्या साडूंचं फाटक

जगातली कुठलीच वस्तू सरळ नाही, असं मनापासून मानणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला. ते म्हणजे माझे थोरले साडू. वसई स्टेशनच्या पूर्वेला त्यांचं वेल्डिंगचं दुकान होतं. खिडक्यांचे गज, पंपाच्या बैठका, मोडक्या खाटा असली कामं तिथं चालत. पण माझ्या मते जगाचा बाक शोधून काढणं हाच त्यांचा खरा धंदा होता. कुठंही गेले की ते एक डोळा मिटत, मान तिरकी करत आणि समोरच्या वस्तूच्या कडेवरून दुसऱ्या डोळ्यानं लांबवर बघत. देवळाचा खांब, एसटीचं बाकडं, पंगतीतले पाट, काही म्हणून त्यातून सुटत नसे. माझ्या साखरपुड्यात आमची पहिली भेट झाली. तेव्हा त्यांनी मलाही असंच डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि शांतपणे म्हणाले, "डावा खांदा जरा पडलाय. बाकी बरं हाय." माझी आई त्या एका वाक्यावरून लग्न मोडायला निघाली होती.

त्यांच्या खिशात सुतळीचा एक गुंडा कायम असे. विरारला मनवेलपाड्यात आमच्या एका नातेवाइकानं चाळीत खोली घेतली आणि वास्तुशांत घातली. पानं मांडली गेली, सगळे बसले, पण थोरले साडू दाराशी उभे. त्यांनी सुतळी दाराच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात धरली, मग उलट्या कोपऱ्यांत धरली आणि पंगतीकडे वळून म्हणाले, "चौकट गुन्यात नाय. कोपरे काटकोनात बसत नायत." यजमान बिचारे आधीच दमलेले. ते म्हणाले, "अहो, भटजींनी शांत केलीय आता." त्यावर साडू म्हणाले, "मंत्रानं चौकट सरळ व्हत नाय," आणि पानावर येऊन बसले. त्या घरचं आमंत्रण पुढं आम्हा दोन्ही साडूंना आलं नाही.

वेल्डिंग करण्याची त्यांची रीत तर गिऱ्हाइकाला वेड लावणारी होती. दोन तुकडे जोडायचे तर दुसरा माणूस एका टोकापासून सुरू करून दुसऱ्या टोकाला थांबेल. हे बोटभर जोड घालायचे आणि उठायचे. पलीकडच्या टोकाला बोटभर घालायचे, पुन्हा उठायचे. मग काम उलटं करून मागच्या बाजूला थोडं. मधेच बिडी. चांदीपचा एक शेतकरी खिडकीची जाळी न्यायला आला होता, तो वैतागून म्हणाला, "अवो, एकदाचं करून टाका की!" साडूंनी काळी काच कपाळावर सरकवली. "लोखंडाला दम खाऊ द्या. तुमी पन खा." एका जागी फार उष्णता दिली की लोखंड थंड होताना आखडतं आणि आखडताना सगळ्या चौकटीला आपल्याकडे ओढून वाकडं करतं, हे त्यांनी त्याला समजावलं. तो शेतकरी दम खात खात तिथंच झोपला. जेवतानाही त्यांचं असंच. भाताचा ढीग कधी एका बाजूनं खात नसत. ताट फिरवून फिरवून चारी बाजूंनी सारखा खाली आणत.

हा माणूस आमच्या सासऱ्यांना, म्हणजे मामांना, मुळीच पसंत नव्हता. वसईजवळच्या होळी गावात मामांची मोठी वाडी. केळी, पानवेली, मोगरा. सगळ्या आळीत त्यांच्या शब्दाला मान. साडू तिकडे खाडीकाठच्या मिठागरांच्या गावातले. विहिरीवर पंप बसवायला म्हणून आले आणि पंपाच्या बैठकीचा बाक काढता काढता थोरल्या मुलीशी लग्न ठरवून गेले. पोरगी हट्टाला पेटली म्हणून मामांनी लग्न लावून दिलं. मात्र जावयाशी बोलणं काही सुरू केलं नाही. बोलायचं असेल ते तिसऱ्याच्या मार्फत. सासूबाई असल्या तर त्यांना, मी असलो तर मला. "त्यांना विचारा, भात वाढू का." साडू शेजारीच बसलेले. तेही मला सांगत, "म्हनावं, थोडा." एकदा घरात दोघांशिवाय कुणीच नव्हतं, तेव्हा मामांनी मांजरीला सांगितलं म्हणतात, "पाहुण्यांचा चहा निवतोय." साडू हसून सांगत ही गोष्ट. पण माझी थोरली मेव्हणी सांगे की होळीहून परतल्यावर त्या रात्री ते नीट जेवत नसत.

मग धाकट्या मेव्हणीचं लग्न ठरलं. वऱ्हाडाची बस थेट वाडीत यायला हवी, म्हणून बांबूचं जुनं कवाड काढून दोन दारांचं मोठं लोखंडी फाटक बसवायचं मामांनी ठरवलं. मला म्हणाले, "त्यांना जमेल का, विचारा." साडू माझ्या खांद्याला खांदा लावून उभे. म्हणाले, "म्हनावं, जमेल."

दुकानात मावेल असं ते काम नव्हतं. बैलगाडीतून मशीन, गॅसची नळकांडी, अँगल, पत्रे सगळं होळीला आलं आणि वाडीच्या तोंडाशी काम सुरू झालं. पहिलं दार त्यांनी आपल्या रीतीनं केलं. बोटभर इथं, बोटभर तिथं. मामा चिकूच्या झाडाखाली खुर्ची टाकून बघत बसले होते. संध्याकाळी ते सासूबाईंना म्हणाले, पण सगळ्या आळीला ऐकू जाईल असं, "एवढंसं करतो नि उठतो. काम आहे की फुगडी? लग्न परवावर आलंय."

साडू त्याच रात्री दुसऱ्या दाराला बसले ते उठलेच नाहीत. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच त्यांनी एका बाजूनं, एका दमात, सगळे जोड घालून टाकले. जोडांची शिवण मात्र इतकी देखणी आली होती की मामासुद्धा खुर्चीवरून उठून बघून गेले.

सकाळी जाऊन पाहतो तर ते दार थंड होऊन होडीसारखं झालेलं. दोन्ही टोकं जमिनीपासून वर. उभं करून पाहिलं तर दोन दारं एकमेकांना भेटायलाच तयार नाहीत. साडूंनी डोळा मिटून बघितलंदेखील नाही. त्याची गरजच नव्हती.

लग्नघर म्हणजे सल्ल्यांना काय तोटा. एका काकांनी घण मागवला. साडू म्हणाले, "पत्र्याला पोचे येतील." दुसऱ्या काकांच्या डोक्यात आलं की वजन टाकावं. मग आळीतले सगळे भारदस्त काका-मामा त्या दारावर ओळीनं बसले. चहाही तिथंच आला. दार जमिनीला टेकलं, सगळ्यांचे चेहरे खुलले. चहा संपवून मंडळी उठली, तसं दारही उठलं.

मामा चिकूखालून माझ्याकडे बघून म्हणाले, "त्यांना सांगा, राहू दे. कवाड पुन्हा लावतो. बस रस्त्यावर थांबेल." आवाजात राग नव्हता. त्याचंच साडूंना जास्त लागलं असावं. त्यांनी मला सांगितलं, "म्हनावं, दुपारपर्यंत थांबा." आणि गॅसची नळी जोडायला घेतली.

त्यांनी दार उलटं टाकून घेतलं, फुगीर अंग वर. दोन टोकांखाली लाकडी ओंडके दिले. खडूनं चौकटीवर त्रिकोण काढले. रुंद बाजू फुगवट्याच्या माथ्याकडे, टोक आत. आणि त्या त्रिकोणांवर ज्योत धरली. लोकांत कुजबुज सुरू झाली. आगीनं बिघडलेलं हा पुन्हा आगीनंच बिघडवतोय! साडू ज्योतीवरची नजर न हलवता मला म्हणाले, "तापलेलं फुगायला बघतं. बाजूचं थंड लोखंड त्याला सरकू देत नाय. मग तितंच दाटतं. थंड झालं की आखडंल, नि ह्या अंगाला ओढंल. काल त्यानं मला ओढलं, आज मी त्याला."

पाणी घालायचं काम माझ्याकडे आलं. मी झारी घेऊन सरसावलो आणि लोखंड लालभडक असतानाच धार सोडली. वाफेचा लोट उठला. "आता नको! हात आवरा!" साडू ओरडले. मी घाबरून पुढची धार भलत्याच जागी सोडली. ज्योत हातात असल्यामुळे त्यांना उठता येईना.

तेवढ्यात माझ्या हातातली झारी कुणीतरी ओढून घेतली. मामा होते. धोतराचा सोगा खोचलेला. "पाणी कसं द्यायचं ते पन्नास वर्षं करतोय मी," ते मला म्हणाले; आणि मग साडूंच्या शेजारी उकिडवे बसून त्यांनी विचारलं, "कुठं घालू?"

मांडव घालणारे गडी दोर हातात धरून थांबले. सासूबाई ओटीवरून दोन पायऱ्या खाली आल्या. साडूंनी मान वळवली नाही. ज्योत बाजूला घेत म्हणाले, "लाली उतरू द्या, मामा."

"उतरली."

"आता हितं. बारीक धार."

"एवढी?"

"बास."

मग एकामागून एक त्रिकोण झाले. साडू तापवत, मामा लाली उतरण्याची वाट बघत. आपल्या पानवेलीच्या मुळाशी घालावं तसं जपून पाणी घालत. मधेच लोखंड आतून 'कट्ट' वाजे, आणि ओंडक्यांवरचं दार केसभर खाली बसे. दुपार कलताना साडूंनी सुतळी काढली. एक टोक स्वतः धरलं, दुसरं मामांच्या हातात दिलं. सुतळी आणि अँगल यांच्यामधून उजेड दिसेनासा झाला होता. मामा म्हणाले, "बसलं की हो." आम्हा सगळ्यांना वाटलं, आता काहीतरी मोठं बोलणं होईल. पण साडू म्हणाले, "बिजागऱ्या गरम हायेत, हात लावू नका," आणि मामा म्हणाले, "हात धुवा. पानं मांडलीत."

दुसऱ्या दिवशी बस थेट वाडीत आली. मामा नवरदेवाला तसंच सोडून व्याह्यांना आधी फाटक दाखवत होते.

त्यानंतर मामा जे बोलायला लागले ते थांबेचनात. आठवड्यातून एक-दोनदा केळ्यांचा फणा घेऊन साडूंच्या दुकानी जाऊन बसत आणि लोखंड या विषयावर वाटेल ते सल्ले देत. जोड जरा लवकर झाला तर गिऱ्हाइकासमोर म्हणत, "दम खाऊ द्या त्याला." साडू माझ्याजवळ तक्रार करत, "बोलत नव्हते ते बरं व्हतं हो." पण मामा आठवडाभर दिसले नाहीत तर सायकल काढून होळीला जात.

काही वर्षांनी मामा गेले. फाटकाचं एरवी एकच दार उघडं असे. त्या सकाळी साडूंनी दोन्ही दारांचे अडसर काढले, दोन्ही दारं पार मागं नेली आणि वाऱ्यानं हलू नये म्हणून एका दाराला पाठ लावून उभे राहिले. मामांना बाहेर नेलं. त्यांच्यामागून मुलगे, जावई, पुतणे, आळीची माणसं, वाडीतले गडी, सगळे साडूंसमोरून गेले. रस्त्यावर येऊन मी मागं वळून पाहिलं. साडू तिथंच होते.

"चला, साडूभाऊ," मी म्हटलं.

"तुमी व्हा म्होरं," ते म्हणाले. "मी लावून येतो."