वाणात गेलेला चहा

माझं पोट दुसऱ्यांचे अंगठे मोजण्यावर चालतं. सोशल मीडियावर आमच्या कंपनीची जाहिरात किती जणांनी पाहिली, किती जणांनी आवडल्याचा अंगठा दाखवला, किती जणांनी पुढे पाठवली, हे दर सोमवारी तक्त्यात भरून मी सिंगापूरला पाठवते. पण मोजण्याचं काम मी शिकले अल्लीपुरात. तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं आणि कॉम्प्युटर मी फक्त हिंगणघाटला बँकेच्या काचेतून पाहिला होता.

अल्लीपुरात आमचं किराणा दुकान होतं. बाबा मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून दुकान आईच चालवायची. मी बी.ए. झाले आणि नागपूरच्या एका जाहिरात कंपनीत चिकटले. काम वर्धा जिल्ह्यात जीपमधून फिरायचं, भोंगा लावायचा, गावोगावी नमुने वाटायचे आणि किती माणसांपर्यंत माल पोचला ते लिहून आणायचं. काकांना हे मुळीच पसंत नव्हतं. समुद्रपूरचं एक स्थळ त्यांच्या खिशात तयारच होतं.

"पोरीच्या जातीनं भोंगा घेऊन गावोगाव हिंडावं काय?" ते आईला म्हणाले.

"हिंडू द्या सहा महिने," आई म्हणाली. "नोकरी पक्की झाली तं ठीक. नाई झाली तं तुमी म्हनसान तसं करू."

आईने आयुष्यात काकांपुढे तोंड उघडलं ते तेवढंच. त्यामुळे नोकरी टिकवणं ही माझ्या एकटीची गोष्ट राहिली नाही. मी घरी परत आले असते तर आईचा शब्द खाली पडला असता, आणि मग तिला कोणी बोलूच दिलं नसतं.

चौथ्या महिन्यात एक नवा चहा बाजारात आणायचं काम आलं. आमच्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना होती. संक्रांत तोंडावर आली होती. ते म्हणाले, "मॅडम, भोंग्याचं कोण ऐकते? बायकांचं जाळं वापरा. हळदीकुंकवात चहाचं पाकीट वाण म्हणून लुटा. एक बाई पन्नास घरात पोचते." आज ज्याला सोशल नेटवर्क म्हणतात ते साहेबांना तेव्हाच सुचलं होतं, याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. दोन महिन्यांत जिल्ह्यात खप वाढला तर मी पक्की, नाही वाढला तर रामराम, हेही त्यांनी त्याच दमात सांगितलं.

मी पहिलं हळदीकुंकू माझ्याच गावात ठेवलं. आमच्या घरापासून चार घरं सोडून एका मोठ्या शेतकऱ्याचं अंगण होतं, तिथे. सतरंज्या टाकल्या, तिळगूळ केला, खोक्यातून पाकिटं काढून परातीत रचली. गल्लीतली प्रत्येक बाई आली. आई दुकानात होती. विधवेला हळदीकुंकवाला कोणी बोलावत नाही, हे मला इतकं सवयीचं होतं की त्या दिवशी तिचा विचारही माझ्या मनात आला नाही.

मग नाचणगाव, समुद्रपूर, हिंगणघाट. माझ्याजवळ एक वही होती. ज्या घरी हळदीकुंकू होई तिथे जायचं आणि किती पाकिटं लुटली ते विचारून लिहायचं. आठ दिवसांत गंमतच झाली. जिथे मी पाकिटं दिलीच नव्हती तिथल्या बायकाही सांगू लागल्या, "आमच्या इथंबी तोच चहा लुटला ना बाई." मी हरखून लिहीत गेले. रथसप्तमीपर्यंत वही भरली. साहेबांना फोन केला तर ते म्हणाले, "क्या बात है! जिल्हा हलवला तुम्ही."

त्या संध्याकाळी मी वही आईसमोर धरली. ती तांदूळ निवडत होती. तिने आकडा पाहिला आणि विचारलं, "तुह्या खोक्यात पाकिटं किती होते?"

मी सांगितलं.

"मंग हे जास्तीचे कुठून आले?"

तांदळातला खडा बाजूला टाकत आई म्हणाली, "बाई, वाण कोनी फोडत नाई. सारखं पाकीट भेटलं की बाई ते ठेवून देते अन् दुसऱ्या दिवशी आपल्या घरी लुटते. तिचा खर्च वाचते. तुहे पाकिटं फिरून राह्यले. पियाले कोनी घेतलंच नाई."

ही गोष्ट वर्धा जिल्ह्यातल्या दहा वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असते. गेल्या साली मिळालेली साबणदाणी यंदा शेजारणीला जाते आणि पुढच्या साली फिरून आपल्याच घरी येते, यावर बायका हसतातही. मलाच ते ठाऊक नव्हतं, कारण बाबा गेल्यापासून आमच्या घरात वाण आलंच नव्हतं. दीडशहाणी मी, जे जाळं कधी आतून पाहिलं नाही ते मोजायला निघाले होते. एकच पाकीट पाच अंगणांत फिरलं होतं आणि मी त्याला पाच माणसं समजत होते.

पुढच्या पंधरा दिवसांत दुकानांतून बातम्या आल्या. नाचणगावला एक पाकीट विकलं गेलं नव्हतं. समुद्रपूरच्या दुकानदाराने तर खोकं परत न्या म्हणून सांगितलं. काका दोनदा येऊन गेले. मी जेवत नव्हते. आईने मात्र या विषयावर एक अक्षर काढलं नाही. ती आपलं दुकान करत राहिली.

मी गावोगाव दुकानदारांची मनधरणी करत हिंडत होते, त्यामुळे आमच्या दुकानात काय चाललंय ते मला उशिरा कळलं. हळदीकुंकवाचा मोसम संपल्यावर बायका ती पाकिटं आईकडे आणून देत आणि म्हणत, "काकू, हे ठेवा अन् पावभर साखर द्या." आई घेत असे. मग तिने दुकानाच्या मागच्या खोलीत स्टोव्ह मांडला. कापूस वेचून परतणाऱ्या बायका संध्याकाळी तेल-मीठ न्यायला येत, दिवसभर उन्हात वाकून कंबर धरलेली असे. आई प्रत्येकीला बसवायची आणि कपबशीत चहा द्यायची. कुठला चहा ते सांगायची नाही. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाई आपणच विचारायची, "काकू, चहापत्ती कोनची होये ही?" तेव्हा आई पाकीट दाखवायची. सवाष्णींनी पाच अंगणं फिरवलेलं ते पाकीट, आमच्या मागच्या खोलीत पहिल्यांदा फुटत होतं.

महिनाअखेरीला हिंगणघाटच्या ठोक व्यापाऱ्याकडून खपाचे कागद आले. सगळ्या जिल्ह्यात शुकशुकाट आणि एकट्या अल्लीपुरात खप. फक्त आमच्या दुकानात नाही, गावातल्या चारही दुकानांतून. साहेब खूश झाले, कारण एक गाव जरी चाललं तरी त्यांची कल्पना वाचत होती. त्यांनी मला नागपूरला बोलावून एक छापील फॉर्म पुढे सरकवला. खप वाढण्याचं कारण, असा रकाना होता. भिंतीवरची जाहिरात, भोंगा, हळदीकुंकू, इतर.

माझं पेन 'इतर'वर गेलं होतं. साहेब हसून म्हणाले, "हळदीकुंकूच ना मॅडम?" पक्की नोकरी टेबलाच्या पलीकडे बसून माझ्याकडे पाहत होती. मी हळदीकुंकवावर खूण केली आणि खाली सही केली.

आईने गल्लीत पेढे वाटले. काका पेढा खाऊन गेले, स्थळाचं पुन्हा बोलले नाहीत. फॉर्मचं मी आईला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, असं स्वतःला समजावत राहिले.

पुढची दहा वर्षं भराभर गेली. मी नागपूरला घर केलं. भोंगे गेले, जीप गेली, आमची कंपनी एका मोठ्या कंपनीत विरघळली. सिंगापूर, मनिला, जकार्ता, बँकॉक, सगळीकडची माणसं आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरवर बोलायला जमत. कोणाच्या देशात किती अंगठे, किती वेळा पुढे पाठवलं, याची चढाओढ चाले. सणाची शुभेच्छापत्रं लाखोंनी फिरत आणि आतला मजकूर कोणी वाचत नसे. मला हसू यायचं, ही तर आमचीच पाकिटं. पण मी तोंड उघडत नसे, कारण मला तिथे मान होता तो अल्लीपूरच्या गोष्टीमुळेच. इंटरनेटच्या आधीचं सोशल नेटवर्क म्हणून ती गोष्ट सिंगापूरचे साहेब नव्या पोरापोरींना माझ्या तोंडून ऐकवत. मी ती इतक्यांदा सांगितली होती की ती मलाच खरी वाटू लागली होती.

एकदा आई राहायला आलेली असताना असाच कॉल झाला. ती मागे दिवाणावर मटार सोलत होती. माझं इंग्रजी तिला कळण्यातलं नव्हतं, पण गावाचं नाव कळलं. कॉल संपल्यावर तिने विचारलं, "अल्लीपूरचं काय सांगून राह्यली होती त्यायले? हळदीकुंकू म्हटलं तुनं."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. फॉर्म, रकाना, खूण, सही. "तुह्यं नाव नाई टाकलं आई मी. चहा तू पाजला अन् नाव हळदीकुंकवाचं झालं."

तिने शेंग मोडली, दाणे वाटीत टाकले. "तुले नोकरी भेटली ना?"

"भेटली."

"मंग काऊन रडतं? अन् हळदीकुंकवात मी होती कुठं, नाव टाकाले?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर मला बरं वाटलं असतं. मी लाजेने आणि मायेने रडत राहिले, आणि ती सोललेले मटार घेऊन स्वयंपाकघरात गेली.

पुढच्या महिन्यात नवी पोरं रुजू झाली आणि सिंगापूरच्या साहेबांनी मला पुन्हा अल्लीपूर सांगायला लावलं. या वेळी मी मागच्या खोलीतला स्टोव्ह सांगितला, कापूस वेचणाऱ्या बायका सांगितल्या, आणि दुकानातल्या बाईचं नाव पूर्ण, तिच्या बापाच्या नावासकट सांगितलं. मनिलाच्या मुलीने विचारलं, ही बाई तुमच्या त्या हळदीकुंकवाच्या कार्यक्रमाला आली होती का?

मी म्हटलं, नाही. तिला कोणी बोलावलं नव्हतं. मीसुद्धा नाही.